३०० पैकी ११७ क्रमांकाची प्रत

माझे बाबा कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत वाढलेले. तोक्योला आले तेव्हा त्यांना र्योगोकु भागातल्या कोकुगिकान या सुमोच्या आखाड्यात कुस्त्या पाहायला नेलं. तिथल्या संग्रहालयात एका फोटोपुढे ते खिळूनच राहिले. फोटो चियोनोफुजीचा. ५८वा योकोझुना, म्हणजे सुमोतल्या सर्वोच्च दर्जाचा पैलवान, ३१ स्पर्धांचा विजेता, १९९१ साली निवृत्त झालेला. इतर सुमो पैलवानांच्या मानानं सडपातळ, पण खांदे आणि दंड बघत राहावेत असे. "हे अंग मेहनतीचं आहे," बाबा म्हणाले.

म्हणूनच १९८०च्या दशकातल्या पहाटेच्या सरावाच्या कृष्णधवल फोटोंचं ते पुस्तक लिलावाच्या साइटवर दिसलं, तेव्हा बाबांसाठी घ्यायचंच असं मी ठरवून टाकलं. ३०० प्रतींची मर्यादित आवृत्ती, हातानं घातलेला क्रमांक ११७, मूळ खोकं शाबूत, आणि आत चियोनोफुजीचं तेगाता. तेगाता म्हणजे शाई लावलेला तळहात जाड पुठ्ठ्यावर दाबून उमटवलेला ठसा, त्यावर ब्रशनं लिहिलेलं पैलवानाचं नाव. असा ठसा देण्याचा मान फक्त वरच्या दोन गटांतल्या पैलवानांना असतो.

किंमत ६८,००० येन. विकणारा फार अदबीनं लिहायचा; पुस्तकं वारलेल्या काकांच्या संग्रहातली आहेत म्हणाला. मग एका शुक्रवारी संध्याकाळी त्याचा निरोप आला: आणखी दोघं मागे लागलेत, साइटवरचा व्यवहार रद्द करून थेट खात्यात भरलेत तर ८,००० कमी करतो. खातं तिसऱ्याच नावावर होतं. ते मला खटकलं होतं, विचारलंही; भावाचं आहे म्हणाला. मी पैसे भरले.

पुस्तक आलं. फोटो अस्सल होते आणि अप्रतिम होते. घामानं चमकणाऱ्या पाठींवर चिकटलेली आखाड्याची माती, शिकाऊ पोरांचे पडलेले चेहरे. दोन आठवडे मी रोज रात्री ते चाळत होतो.

जिंबोचो या तोक्योतल्या पुस्तकांच्या बाजारात जुन्या पुस्तकांच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे कव्हर घालायला नेलं, तर त्यांनी ते मागून उघडलं. जपानी पुस्तकात शेवटी ‘ओकुझुके’ असतं: प्रकाशक, तारीख, कितवी छपाई, सगळं त्या पानावर. तिथे ‘दुसरी छपाई’ असं स्वच्छ छापलेलं होतं. मोजून ३०० प्रती काढलेल्या क्रमांकित आवृत्तीची दुसरी छपाई कशी असेल? क्रमांकाची चिठ्ठी नंतर डकवलेली होती, तिचा गोंदही ताजा होता. मला विक्रेत्यानं नऊ फोटो पाठवले होते, पण त्यांत हे एक पान नव्हतं.

मग त्यांनी ठशावर भिंग धरलं. हाताच्या शाईत ठिपक्यांची जाळी नसते, इथे होती. त्यांनी आतून एक खोकं आणलं आणि तसाच पुठ्ठा काढून शेजारी ठेवला. करंगळीजवळचा शाईचा डागसुद्धा तोच. अशी छापील तेगाता आठवण म्हणून स्वस्तात विकली जातात, आणि त्यात गैर काही नाही. हा माणूस त्यांनाच खरी म्हणून विकत होता.

साइटबाहेर पैसे दिल्यामुळे साइटनं हात वर केले. जपानमध्ये ऑनलाइन खरेदीला ‘कूलिंग-ऑफ’चा, म्हणजे ठरावीक दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करण्याचा हक्क नाही, हेही मला तेव्हाच कळलं. १८८ या ग्राहक मदत क्रमांकावर बोललो, पोलिसांत तक्रार दिली. बँकेनं खातं गोठवलं, तोवर ते रिकामं झालं होतं. विक्रेता धंदा म्हणून जुना माल विकत असेल तर त्याच्याकडे १२ आकडी परवाना क्रमांक असावा लागतो. तो आधी मागा. ओकुझुकेचा फोटो मागा. भावाच्या, बायकोच्या, कोणाच्याही नावावरच्या खात्यात पैसे टाकू नका.

परवा तेच पुस्तक पुन्हा विक्रीला लागलेलं दिसलं. विक्रेत्याचं नाव वेगळं, प्रत क्रमांक २०४. फोटोत पुस्तकाखाली जी तातामी (जपानी घरातली गवती चटई) आहे, तिचा उजवा काठ उसवलेला आहे. माझ्या नऊ फोटोंतही तोच काठ आहे.