तेतेबातू, लोंबोक (इंडोनेशिया): राहायला पाचपैकी चार, जागा घ्यायला शून्य

आधीच सांगतो, मी निवृत्त तलाठी. कागल आणि करवीर तालुक्यांत नोकरी झाली. त्यामुळं कुठल्याही गावात गेलो की धबधब्याच्या आधी मला बांध दिसतो. हा रिव्ह्यूही त्याच नजरेनं लिहिलाय.

तेतेबातू म्हणजे बालीच्या शेजारच्या लोंबोक बेटावर, रिंजानी ज्वालामुखीच्या (उंची ३,७२६ मीटर) दक्षिण उतारावरचं गाव. वस्ती सासाक या तिथल्या स्थानिक समाजाच्या मुसलमानांची, धंदा शेतीचा. २०२१ मध्ये इंडोनेशियानं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेकडं उत्तम पर्यटन गाव म्हणून ज्या तीन गावांची नावं पाठवली, त्यात हे एक होतं. मान जावातल्या दुसऱ्या गावाला गेला. माझ्या मते बरंच झालं. नाहीतर आज तिथं महाबळेश्वर झालं असतं.

पोचायला वेळ लागतो. आम्ही कोल्हापूरहून बेंगळुरू, तिथून थेट विमानानं बालीतलं देनपसार आणि मग छोट्या विमानानं लोंबोक असे गेलो. ते शेवटचं उड्डाण जेमतेम अर्ध्या तासाचं. पैसे वाचवायचे तर बालीतल्या पदांगबाई बंदरातून लेंबारला फेरी जाते, तिला चार-पाच तास धरा. विमानतळावरून गावापर्यंत टॅक्सीनं तास-दीड तास. भारतीयांना उतरल्यावर व्हिसा मिळतो, पाच लाख रुपिया, तीस दिवसांचा, आणि एकदा तीस दिवसांनी वाढवता येतो. आकडा ऐकून घाबरू नका, लाख रुपिया म्हणजे आपले पाचशे-साडेपाचशे.

आम्ही उतरलो ते भातशेतीच्या मधोमध, एका कुटुंबाच्या घराशेजारच्या चार खोल्यांत. गावात अशी घरं बरीच आहेत आणि सगळ्यांची पद्धत एकच, म्हणून नाव देत नाही. खोली स्वच्छ, मच्छरदाणी धड, नाष्टा भाड्यातच. जाहिरातीत गरम पाणी लिहिलं होतं, नळाला आलं ते कोमट. पांघरुणाला ओलसर वास होता. सांगितल्यावर घरमालकिणीनं, इबूंनी, लगेच दुसरं दिलं, तेही ओलसरच. डोंगराच्या कुशीतलं गाव आहे, कपडे वाळत नाहीत, राधानगरीकडच्या माणसाला हे सांगायला नको. पहाटे मशिदीचा भोंगा वाजतो. झोप हलकी असेल तर खोली मागच्या बाजूची मागा.

अंगणात बेरुगाक असतो, म्हणजे खांबांवर उभारलेला उंच लाकडी ओटा, वर गवताचं छप्पर. जेवण, गप्पा, दुपारची झोप, पाहुणा आला की बसणं, सगळं त्यावर. आमची मंडळी सकाळी तिथं बसली की उठायचं नाव काढत नव्हती.

जेवणाला मी पूर्ण गुण देतो, आणि कोल्हापूरच्या माणसाचे गुण आहेत हे लक्षात घ्या. प्लेचिंग कांगकुंग म्हणून पदार्थ आहे: पाण्यात वाढणारी पालेभाजी उकडून त्यावर मिरची-टोमॅटोची कच्ची चटणी. पहिल्या घासाला कान तापले. चटणीत तेरासी असते, आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. शाकाहारी असाल तर 'तन्पा तेरासी' म्हणायला शिका, नाहीतर टोफूच्या ताटातही ती येते. बीफ खात नसाल तर 'सापी' हा शब्द ओळखून ठेवा. कॉफी न गाळता देतात, गाळ खाली बसेपर्यंत कप हलवायचा नाही.

धबधबा, काळी माकडं, भाताची खाचरं हे सगळं आहे, छान आहे, कुणीही दाखवेल. मला गुंतवलं ते तंबाखूनं. पूर्व लोंबोकमध्ये व्हर्जिनिया तंबाखू पिकतो. कागल-निपाणीकडं आपण बिडीचा तंबाखू रानात जमिनीवर पसरून वाळवतो. तिथं विटांच्या उंच खोल्या आहेत. पानं बांबूच्या काठ्यांना बांधून आत टांगतात आणि खालून भट्टीची उष्णता सोडतात. ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर हे चालू असताना बघायला मिळेल. पावसाळा तिकडं नोव्हेंबर ते मार्च, तेव्हा जाऊ नका.

आता जागेचं. गाईड म्हणून आलेल्या पोरानं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "पाक (तिकडं वडीलधाऱ्या पुरुषाला असं म्हणतात, बाईला इबू), इथं जमीन घेणार का? सहा आर आहे, रिंजानी समोर." आर ऐकून मी सावरून बसलो. आपल्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहितात तोच हा, शंभर चौरस मीटरचा, गुंठ्यापेक्षा किंचित कमी. पण एकक ओळखीचं म्हणून कायदाही ओळखीचा निघेल असं समजू नका. १९६० च्या जमीन कायद्यानं पूर्ण मालकी, 'हाक मिलिक', फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. परदेशी माणसाला मुदतीचा वापरहक्क किंवा भाडेपट्टा. गाईडचा उपाय तयार होता: "माझ्या भावाच्या नावावर घेऊ, आपसात कागद करू." हा कागद त्याच कायद्यानं रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागायची सोय नाही. आपल्याकडंही बिगरशेतकरी लोक दुसऱ्याच्या नावावर शेती घेतात आणि पुढं काय होतं ते मी तलाठी कार्यालयात बसून बघितलंय.

बरं, मालकीचा कागद म्हणून दाखवलं काय, तर कर भरल्याची जुनी पावती. सारा भरल्याच्या पावतीनं कुणी मालक होतं का? मी घरमालकांना, पाकना, विचारलं तर त्यांनी कपाटातून स्वतःच्या घराचं प्रमाणपत्र काढून आणलं. हिरवं मुखपृष्ठ, त्यावर गरुड. आत धारकाचं नाव, हक्काचा प्रकार, मोजणीचा नकाशा आणि हस्तांतराच्या नोंदींचा तक्ता. सातबारा, फेरफार आणि मोजणी नकाशा एकाच पुस्तिकेत! मी ते बराच वेळ उलटून पालटून बघितलं, पाकना हसू आवरेना. ते म्हणाले, ही पुस्तिका दाखवत नाही त्याच्याशी बोलूच नका.

भाडेपट्ट्यानं घ्यायचं मनात असेल तरी मूळ प्रमाणपत्र भूमी कार्यालयात पडताळून घ्या, आणि भातखाचरावर बांधकामाची परवानगी मिळते का ते आधी विचारा. तिकडं शेतजमीन राखायचा २००९ चा कायदा आहे. शिवाय २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लोंबोकला भूकंपांनी हादरवलं, पाचशेच्या वर माणसं गेली. सहा आरवाल्या पोरानं त्याचा उल्लेखही केला नाही.

मला विचाराल तर व्हिसाचे तीस दिवस खोली भाड्यानं घ्या, हवं तर वाढवा. महिन्याचं एकदम ठरवलं तर इबू दर कमी करतात, पण ते पहिल्या दिवशीच बोलून घ्या.