स्टेशनबाहेर पत्रकं की सोसायटीत कढी?

मांस-मासे, दूध-तूप कमी करा हे लोकांना सांगायचं मनात आहे, पण हाताशी रविवार एकच; तो कुठे घालवावा, असं दोघातिघांनी विचारलं. मी दोन्ही करून पाहिलंय. ठाणे स्टेशनबाहेर पश्चिमेला वर्षभर पत्रकं वाटली, आणि आता घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा जेवण मांडतो.

माणसं मोजायची तर स्टेशनला तोड नाही. तासाभरात गठ्ठा संपतो. दुधाच्या धंद्यात नर वासराचं, रेडकाचं पुढे काय होतं, हे कधीच न ऐकलेला माणूस तिथेच भेटतो.

मला नडला तो एक शब्द: व्हीगन, म्हणजे मांस-मासे तर नाहीतच, दूध-तूपही नाही. "व्हीगन म्हणजे शाकाहारीच ना? आम्ही आहोतच की." 2022 पासून आपल्याकडे व्हीगन अन्नाचे वेगळे नियम आहेत, पाकिटावर वेगळं चिन्ह असतं, पण मराठीत शाकाहार म्हटलं की दूध-तूप त्यात आलंच. ते उलगडून सांगेपर्यंत समोरच्याची लोकल येते. उलट, हातात सुरमईची पिशवी असलेला माणूस 'शाकाहार' ऐकूनच आखडतो. त्याला त्यात जातीचा वास येतो, आणि त्याचं चुकतं असं मला म्हणवत नाही. दर रविवारी बोलणं याच पायरीवर अडायचं. रेडकापर्यंत आम्ही पोचायचोच नाही.

पंगतीत तो शब्दच लागत नाही. पिठलं, भाकरी, वालाचं बिरडं, खोबऱ्याची चटणी हे सगळं आधीच त्यातलं. फक्त कढी वेगळी. भिजवून सोललेले शेंगदाणे वाटून, गाळून, ते दूध उकळायचं. कोमट झालं की हिरव्या मिरचीची देठं टाकून रात्रभर झाकून ठेवायचं. पहिलं दही सैल होतं, त्याच्या विरजणाचं दुसरं छान लागतं. शेजारच्या काकूंनी दोन वाट्या पिऊन विचारलं, "ताक कुठल्या डेअरीचं रे?" मग पाऊण तास त्याच प्रश्न विचारत होत्या. बी-12 जीवनसत्त्वाचाही विचारला. तो मी टाळत नाही: वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही, सगळं सोडणाऱ्याने गोळी घ्यायचीच. आता त्या विरजणासाठी वाटी पाठवतात.

यात शनिवारही जातो, आणि माणसं पंचवीस-तीसच, तीही ओळखीची. अनोळखी माणसाला थांबवण्याची हातोटी तुमच्याकडे असेल तर स्टेशन सोडू नका. पण सुरुवात श्रावणात करणार असाल तर मी म्हणेन, जेवणच मांडा. तेव्हा मटण-मासे बऱ्याच घरांत आपसूक थांबलेले असतात, बोलायला फक्त दूध उरतं.