सामानाच्या सायकलीसाठी मागचे हब निवडताना

पॅनिअर (चाकाच्या बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या) भरून मनालीहून लेहला निघालेल्या सायकलीचा बराचसा भार मागच्या चाकावर पडतो. तरीही चाक निवडताना रिमची जेवढी चर्चा होते, तेवढी हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागाची, होत नाही.

पहिला प्रश्न फ्रीव्हील की कॅसेट, हा आहे. फ्रीव्हीलमध्ये गिअरच्या चकत्या आणि पायडल थांबवल्यावरही चाक फिरू देणारी यंत्रणा एकत्र असते; कॅसेट म्हणजे नुसता चकत्यांचा संच, ती यंत्रणा हबमध्येच असते. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे गिअरच्या चकत्यांच्या आतल्या बाजूस राहतात, त्यामुळे तेथून फ्रेमपर्यंतचा ॲक्सल (चाकाची आस) आधाराविना लोंबतो, आणि सात चकत्यांच्या फ्रीव्हीलवर हे अंतर इतके वाढते की ओझ्याखाली तो वाकतो, कधी मोडतोही. शिमानोच्या कॅसेट हबमध्ये तेच छर्रे बाहेरच्या टोकाजवळ बसतात. ओझे वाहायचे असेल तर फ्रीव्हील विचारातूनच काढून टाकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर खरी स्पर्धा शिमानो डिओर आणि डीटी स्विस 350 हायब्रिड यांच्यात उरते. डिओरचा ॲक्सल पोलादी असतो, दोन्ही बाजूंना पाव इंची नऊ-नऊ छर्रे असतात, आणि दोन कोन-पाने (छर्रे जागी धरणारे कोन सैल-घट्ट करण्याचे पातळ पाने) व थोडे ग्रीस जवळ असेल तर ते रस्त्याच्या कडेला बसूनही उघडता येते. मात्र कोन सैल राहिले किंवा पाणी शिरले आणि हबच्या कवचातील कप (छर्रे ज्यात फिरतात ती वाटी) खराब झाला, तर पूर्ण हबच बदलावे लागते. डीटीच्या हायब्रिडमध्ये 24 दातांच्या दोन कड्या एकमेकींत पूर्ण गुंततात, म्हणून चढावर जोर लावला तरी भार सर्व दातांवर वाटला जातो. टोपणे हाताने ओढून निघतात, पण आतले बेअरिंग बदलण्यासाठी खास हत्यार लागते, आणि ते वाटेतल्या गावात मिळणे कठीण.

रोहलॉफचे, 14 गिअर आतच असलेले हब वेगळ्या वर्गातले आहे: 526 टक्के पल्ला (सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या 5.26 पट), दर 5000 किलोमीटरना तेलबदल, आणि दोन्ही बाजूंच्या चाकाच्या तारांवर सारखा ताण. किंमत मात्र एका चांगल्या सायकलीइतकी.

महिन्याभराच्या प्रवासासाठी मी डिओरच घेईन, तेही तारांसाठी 36 भोके असलेले. उजवीकडची तार तुटली तर कॅसेट काढावी लागते, म्हणून तिचे हत्यार सोबत ठेवावे. खरेदीपूर्वी फ्रेमच्या मागच्या काट्यांमधील अंतर मोजावे. रोड सायकलीचे 130 मिलिमीटर असेल, तर 135 चे हे हब त्यात सहज बसणार नाही.