घरची बिअर आणि घरखर्च: बाटल्या की केग?

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरी बिअर बनवण्यास संघराज्य पातळीवर मुभा मिळाली आणि दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनांची मर्यादा ठरली. आमच्या घरची मर्यादा मात्र पत्नी आणि मी मिळून चालवतो ते संयुक्त खातेच ठरवते.

बाटल्यांचा मार्ग स्वस्त आहे. पाच गॅलनांच्या एका घाण्याला सुमारे पन्नास बाटल्या लागतात, त्या धुऊन पुन्हा वापरता येतात आणि झाकणे बसवण्याचे यंत्र एकदाच घ्यावे लागते. पण रविवारची दुपार त्यातच जाते आणि स्वयंपाकघराचा ओटा ओल्या बाटल्यांनी अडतो. हा खर्च पावतीवर दिसत नाही, तो पत्नीला सोसावा लागतो.

केग म्हणजे बिअर साठवण्याचे धातूचे पिंप, ते भरणे झटपट होते. मात्र त्यामागोमाग कार्बन डायऑक्साइडची टाकी, रेग्युलेटर, नळ्या आणि बहुधा वेगळा फ्रिज येतो, शिवाय त्याचे वीजबिल दरमहा येते. एकेक वस्तू परवडण्यासारखी वाटत असल्यामुळे अशी एकेक करून केलेली खरेदी मला अधिक धोक्याची वाटते. संपूर्ण यादी किमतींसह आधी जोडीदारासमोर ठेवावी आणि होकार मिळाल्यावरच दरमहा ठरावीक रक्कम बाजूला काढावी. तोवर माझी पसंती बाटल्यांनाच आहे, फक्त त्या मी धुवाव्यात आणि रात्रीच्या स्वयंपाकापूर्वी ओटा मोकळा करावा, एवढे ठरलेले असावे.