स्टिअरिंग डँपर: रॉडवाला की रोटरी?

धुळ्याहून शिरपूरकडे जाताना सावळद्याचा तापीवरचा पूल लागतो. ॲक्सिलरेटर पिळून मोटरसायकल पळवत असताना अशा पुलांच्या जोडावर पुढचं चाक क्षणभर हलकं होतं, जरा तिरपं टेकतं आणि हँडल डावी-उजवीकडे झटके मारतं. बहुतेक वेळा दोन-तीन झटक्यांत ते शांत होतं. नाहीच झालं, तर सेकंदाला पाच-सहा वेळा हँडल दोन्ही टोकांना आपटायला लागतं. तेव्हा मनगटाचा जोर कामाला येत नाही. डँपर, म्हणजे हँडलचे झटके तेलाच्या जोरावर अडवणारं उपकरण, हवा तो त्या सेकंदासाठी.

तरी खरेदीच्या आधी कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, तपासा. पुढचं चाक उचलून हँडल हलक्या हाताने फिरवा. मधोमध खाच लागली किंवा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) पुढे-मागे खेळला, तर आधी बेअरिंग. मग टायरची हवा, झीज आणि चाकाचं बॅलन्सिंग. साठ-सत्तरच्या वेगातच हँडल थरथरत असेल, तर दोष बहुधा यातलाच असतो. डँपर तो झाकतो, बरा करत नाही. आणि मोठ्या वेगात अख्खी गाडीच मागून सापासारखी डोलत असेल, तर घट्ट डँपरने ते डोलणं वाढू शकतं.

दोन्ही प्रकारांचं तत्त्व एकच. बारीक वाटेतून तेल ढकलायचं: हँडल सावकाश फिरलं तर तेल वाट देतं, झटका बसला तर अडवतं.

रॉडवाला टाकीपुढे आडवा किंवा फ्रेमच्या बाजूला बसतो. स्वस्त, उघडा, कुठं गळतोय ते डोळ्यांना दिसतं. आपल्याकडे त्याचा खरा शत्रू धूळ आहे. काळ्या मातीची बारीक धूळ रॉडवरच्या तेलकट थरावर बसते आणि सील खाते. शिवाय जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. तेल पातळ होतं आणि सकाळी लावलेलं सेटिंग दुपारी सैल वाटतं. हे रोटरीलाही चुकत नाही, पण स्वस्त रॉडवाल्यात फार जाणवतं. ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या डँपरांपासून मी तरी लांब राहीन. हातात घेऊन रॉड ओढा, ढकला. दिशा बदलताना मध्ये पोकळी लागली तर आत हवा आहे, आणि झटका नेमका त्या पोकळीतच सुरू होतो. चांगल्यांत ओहलिन्स कंपनीचा आहे. हायपरप्रो कंपनीचा आरएससी मला जास्त पटतो, कारण झटका जितका जोरात तितका त्याचा विरोध वाढत जातो. गावातल्या गर्दीत हँडल हलकं राहतं.

रोटरी हँडलच्या मधोमध, वरच्या टीवर (फोर्कचे दांडे वरून धरणाऱ्या पट्टीवर) बसतो. बाहेर सरकणारा रॉडच नाही, म्हणून धुळीचा त्रास बराच कमी. स्कॉट्स कंपनीच्या डँपरमध्ये सावकाश हालचालीचं आणि जोरदार झटक्याचं सेटिंग वेगळं करता येतं, आणि हँडल मध्याकडे परत येताना तो मोकळा सोडता येतो. औट्रम घाटाच्या वळणांवर हे फार सुखाचं. जीपीआर कंपनीचा साधा: एक गोल बटण, चालता चालता फिरवता येईल असं. अडचण किमतीची, आणि तुमच्याच मॉडेलचं किट मिळण्याची.

होंडाने 2004 च्या फायरब्लेड या स्पोर्ट्स बाइकमध्ये इलेक्ट्रॉनिक डँपर दिला. वेग आणि प्रवेग पाहून तो आपोआप घट्ट होतो. गाडीत असा आलेला असेल तर तो काढू नका.

माझा कौल असा. तीनशे-चारशे सीसीची गाडी, कॉलेज-नोकरी आणि महिन्यातून कधी तोरणमाळ, एवढंच असेल तर पैसे टायर आणि कोनसेटवर घाला. तरीही हवाच असेल तर चांगला रॉडवाला, हलक्या सेटिंगवर. सहाशेच्या वरची गाडी रोज हायवेला पळत असेल तर थोडं थांबा, पैसे जमवा, पण रोटरीच घ्या.

बसवल्यावर गॅरेजमधून निघण्याआधी हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. ते फ्रेमच्या स्टॉपवरच अडलं पाहिजे. डँपरवर अडत असेल तर ब्रॅकेट चुकलाय, तशी गाडी बाहेर काढू नका. क्लच आणि ब्रेकच्या तारा कुठं दाबल्या जात नाहीत ना, तेही तेव्हाच पाहा. सुरुवात सगळ्यात सैल सेटिंगपासून करा आणि एकेक क्लिक (बटणाची एक खाच) वाढवा. चालायच्या वेगात गाडी तोल सांभाळायला जड वाटली की दोन क्लिक मागे या.