डॉल्गो की केर? कडाक्याच्या थंडीतलं क्रॅबअॅपल निवडताना

कॅनडातल्या कॅलगरी, एडमंटन, सॅस्काटूनकडे परसात फळझाड एकच मावणार असेल, तर निवड बहुतेक डॉल्गो आणि केर या क्रॅबअॅपलच्या, म्हणजे छोट्या आंबट सफरचंदाच्या, दोन जातींवर येऊन थांबते. थंडीची चिंता सोडा. उणे 40 दोघंही काढतात.

डॉल्गो जुनं. 1897 साली रशियातून आलेल्या बियांपासून अमेरिकेत साउथ डकोटाच्या फळझाडतज्ज्ञ नील्स हॅन्सन यांनी ते निवडलं आणि 1917 मध्ये लोकांना दिलं. रशियनमध्ये डॉल्गो म्हणजे लांब. फळ लांबट असतं. केर हे त्याचंच लेकरू. डॉल्गो आणि हॅरल्सन सफरचंदाच्या संकरातून आलेलं, मॅनिटोबातल्या मॉर्डेनहून 1952 पासून मिळणारं. मराठी कानाला नाव विचित्र वाटतं, पण अंगणात केर करतं ते डॉल्गो.

आणि माझ्या मते खरी मेख तिथंच आहे. डॉल्गो ऑगस्टच्या शेवटी पिकतं आणि पिकलं की थांबत नाही. आज फळ घट्ट, लालचुटूक. आठवडा होत नाही तोच आतून पिठूळ, आणि खाली सडा. त्यावर गांधीलमाश्या येतात, पोरांना अनवाणी सोडायची सोय राहत नाही. झाड 9-10 मीटरपर्यंत जातं, त्यामुळे वरची फळं शिडीनेही हाती लागत नाहीत. ती शेवटी गवतातच. घाई जमणार असेल तर ठीक, पण ऑगस्टअखेर सुट्टीवर जाणाऱ्यांनी विचार करावा. केर दोन-तीन आठवडे उशिरा तयार होतं, फांदीला धरून राहतं, हलक्या हिमाने त्याचं बिघडत नाही. झाडही बेताचं, 5-6 मीटरचं. फळ मोठं, गडद जांभळट लाल, नुसतं खाण्याजोगं. फ्रिजमध्ये पिशवीत ठेवलं तर डिसेंबरपर्यंत सहज पुरतं.

जेलीत मात्र डॉल्गोच वरचढ, हे कबूल केलं पाहिजे. रंग माणकासारखा, जेली घट्ट करणारं पेक्टिन वरून लागत नाही. पूर्ण पिकायच्या किंचित आधी काढा. सालीबियांसकट अर्धी चिरा, जेमतेम बुडतील इतकं पाणी घाला, 15-20 मिनिटं मंद शिजवा, मलमलीत रात्रभर टांगा. पिळू नका, पिळलं की जेली गढूळ. वाटीभर रसाला पाऊण वाटी साखर. जेली तयार झाल्याचा पुस्तकातला 104-105 अंश सेल्सिअसचा आकडा समुद्रसपाटीचा आहे. कॅलगरी हजार मीटरवर, तिथं पाणी साडेशहाण्णवच्या आसपास उकळतं. म्हणून आपल्याकडे पाणी उकळतं त्याच्या साडेचार अंश वर गेलं की उतरवा, नाहीतर चिवट गोळा होतो. केरच्या रसाचीही जेली छान लागते, फक्त डॉल्गोची ती आंबट धार नसते.

नर्सरीत चिठ्ठीवरचं नाव नीट वाचा. डॉल्गोच्या बियांची रोपं खुंट म्हणून, म्हणजे ज्यावर दुसरं कलम बांधतात ते मुळाचं रोप म्हणून, विकली जातात. त्यांची फळं कशी निघतील सांगता येत नाही. 'कलमी आहे का?' हे विचारायचंच. केर घेतानाही कलमाचा जोड बघा, लावताना तो मातीच्या 5 सेंटिमीटर वर ठेवा, आणि पुढे जोडाखालून फुटवा आला की लगेच खुडा. तो खुंटाचा असतो आणि कलमाला मागे टाकतो.

बाकी निगा सारखीच. आगकरपा, म्हणजे फायर ब्लाइट, दोघांनाही गाठू शकतो: शेंडा छडीसारखा वाकून काळा पडला की डागाच्या 30 सेंटिमीटर खालून फांदी कापा, दर कापाला कात्री 70 टक्के अल्कोहोलने पुसा. कॅलगरीत शिनूक या हिवाळ्यातल्या उबदार वाऱ्याने भर थंडीत साल तापते आणि रात्री गोठून तडकते. ऑक्टोबरात खोडाला पांढरा गार्ड बांधा, एप्रिलमध्ये काढा. बर्फाखालून उंदीर साल कुरतडतात. त्यासाठी 6 मिलिमीटरची जाळी गोल लावा, बुंधा जमिनीत थोडा आतपासून बर्फाच्या नेहमीच्या थराच्या वरपर्यंत झाकला गेला पाहिजे.