उजनीच्या वरच्या खोऱ्यासाठी पाऊस-पाण्याच्या आकड्यांची जुळवणी: काही महिन्यांच्या वापरानंतर

हवामान खात्याचा 0.25 अंशी चौकटींच्या ग्रिडवरचा दैनिक पाऊस, इरा-5 (मॉडेल आणि निरीक्षणं मिळवून बनवलेले तासागणिक हवामानाचे आकडे), चर्प्स (उपग्रह आणि पर्जन्यमापकांवरून काढलेला पाऊस) आणि धरणसाठ्याच्या नोंदी, असा हा संच. चारही स्रोत फुकट मिळतात. वेळ जातो तो त्यांना एका ओळीत बसवण्यात.

आधी दिवस जुळवा. खात्याचा पाऊसदिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणजे 03 यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), आणि तारीख मोजणीच्या सकाळची पडते. इरा-5 चा तासाचा आकडा मागच्या तासाची बेरीज असतो. म्हणून आदल्या दिवशीच्या 04 पासून त्या तारखेच्या 03 पर्यंतचे चोवीस आकडे मिळवायचे आणि मीटरचे मिलिमीटर करायला हजाराने गुणायचे. मध्यरात्र ते मध्यरात्र बेरीज केली की जोरदार पावसाचे दिवस दोन तारखांत फुटतात आणि दोष मात्र मॉडेलच्या माथी जातो. इरा-5 लँडचा (त्याच्या जमिनीपुरत्या आवृत्तीचा) हिशेब वेगळा: तिथे बेरीज 00 यूटीसीपासून साचत जाते, त्यामुळे आधी लागोपाठच्या तासांची वजाबाकी.

एक्सअ‍ॅरेमध्ये (ग्रिडचे आकडे हाताळणारी पायथन लायब्ररी) अक्षांशाचा तुकडा रिकामा आला तर क्रम बघा. इरा-5 उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो, खात्याची फाइल उलट. पावसातले -999 (म्हणजे ‘नोंद नाही’) आधी गाळा, नाहीतर किनाऱ्यालगतची सरासरी उणे येते. ग्रिड बदलताना पावसाला द्विरेषीय पद्धत (शेजारच्या आकड्यांवरून मधला आकडा काढणारी) लावू नका. खोऱ्यातलं पाणी तेवढंच राहायला हवं, तेव्हा एकूण बेरीज जपणारी कॉन्झर्व्हेटिव्ह पद्धत.

एवढं करूनही घाटमाथा हट्टीच. एका चौकटीची बाजू साधारण 27 किलोमीटर, आणि लोणावळ्याहून पुण्याला येईपर्यंत पाऊस कित्येक पटींनी उतरतो. उपग्रहावर आधारलेले अंदाज घाटात बहुधा कमी भरतात. चर्प्सची 0.05 अंशाची बारकाई भुरळ घालते, पण त्याचा पाया पाच दिवसांच्या बेरजेचा. रोजचे आकडे त्यातून वाटून दिलेले. पंधरवडा, महिना यासाठी चांगला, एका दिवसाच्या पुरासाठी नाही.

धरणाच्या नोंदींत वेगळाच सापळा. उजनीची टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते, त्यामुळे मृतसाठ्याला हात लागला की ती उणे होते. 2024 च्या उन्हाळ्यात वजा पन्नासच्याही खाली गेली होती. ‘उणे म्हणजे चूक’ असा गाळणीचा नियम लिहिला तर नेमका दुष्काळच पुसला जातो. टक्के सोडा, एकूण साठा टीएमसीत (अब्ज घनफुटांत) घ्या. 1 टीएमसी म्हणजे 28.3 दशलक्ष घनमीटर.

ग्रेसचा (गुरुत्वाकर्षणातल्या बदलांवरून पाणी मोजणारी उपग्रहांची जोडी) भूजल अंदाज या संचातून वगळलेला बरा. त्याची नजर सुमारे 300 किलोमीटरची, आणि उजनीचं पाणलोट क्षेत्र जेमतेम 15 हजार चौरस किलोमीटर. शिवाय 2017-18 मध्ये जुनी जोडी संपून नवी येईपर्यंत खंड आहे. इथे निरीक्षण विहिरींच्या नोंदीच घ्या, वर्षातून चारच असल्या तरी.